सिस्टर का हसली

दुभाषीला स्वतःचं असं एकही मत नाही, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा, आणि तेही ती कधी खोडून काढायची नाही. चहा जास्त गोड झालाय का, असं विचारलं तर म्हणायची, "तुला लागत असेल तर झाला असेल." खिडकीला हिरवा पडदा लावायचा की निळा, यावर तिने एकदा दोन्ही पडद्यांची बाजू इतकी मन लावून मांडली की नवऱ्याने कंटाळून खिडकी तशीच उघडी ठेवली. तो बस चालवायचा. उजवीकडे वळायचं की डावीकडे, हे त्याला दिवसातून शंभर वेळा ठरवावं लागे. त्याला बायकोचं नवल वाटणं साहजिक होतं.

पण तिचा धंदाच तसा. सरकारी कागदात ज्यांना कर्णबधिर म्हणतात आणि जे स्वतःला सरळ बहिरे म्हणवतात, त्यांच्यासाठी ती सभेत, दवाखान्यात, कोर्टात उभी राहायची. बोलणाऱ्याचं बोलणं हातांनी सांगायचं, आणि हातांनी बोलणाऱ्याचं तोंडाने. अंगात काळा किंवा गडद निळा सदरा, म्हणजे हात उठून दिसतात. बोटात अंगठी नाही, नखांना रंग नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे नेहमी "मी" म्हणायचं. आरोपी म्हणतो की त्याने चोरी केली नाही, असं नाही, "मी चोरी केली नाही." त्यामुळे एकेका आठवड्यात ती तीनदा गरोदर राहायची, दोनदा नोकरीवरून निघायची आणि एखाद्या वेळी तिला जामीनही नाकारला जायचा. संध्याकाळी घरी आल्यावर हिरवा की निळा हे सांगायला तिच्यात "मी" उरायचाच कुठे?

ती या धंद्यात शिकून आली नाही, जन्मून आली. आई बहिरी, बाबा बहिरे, आणि ही एकटी ऐकणारी. बाबा सुतार होते. कपाटं, दारं, खुर्च्या करायचे, आणि हात लाकडावर जितका हलका, तितकीच जीभ, म्हणजे बोटं, तिखट. पाच-सहा वर्षांची असल्यापासून दारात कोणी आलं की हिची हाक व्हायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "या माणसाला अक्कल आहे का, मूठ इतकी वर लावतात का?" ती बाबांना सांगायची, "कपाट आवडलं. मूठ जरा खाली हवी." बाबा हात उडवून म्हणायचे, "सांग त्याला, स्वतः बुटका आहे तर स्टूल घे." ती गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायची, "बाबा म्हणतात, उद्या करून देतो." गिऱ्हाईक खूश, बाबा खूश. मधे एक फ्रॉकवाली पोरगी, दोन्हीकडची सारवासारव करून दमलेली.

तिला कोणी हे शिकवलं नव्हतं. ती फक्त तिखट काढून घ्यायची आणि उरलेलं पुढे वाढायची. त्याला ती लबाडी समजत नव्हती, घरकाम समजत होती.

पुढे तिशीत तिने रीतसर अभ्यासक्रम केला तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, "घालायचं नाही, काढायचं नाही, बदलायचं नाही." ती घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. नवऱ्याला वाटलं, तब्येत बिघडली. तिसऱ्या दिवशी उठली आणि त्यानंतर बाहेरच्या कामात तिने कधी शब्दाचा कण इकडचा तिकडे केला नाही. लहानपणीचं काय, ते तिने कधी मोजलं नाही. मोजणार तरी कसं?

आता त्या शनिवारची गोष्ट.

वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर एक सभागृह आहे. शंभर खुर्च्या, त्यातल्या वीस करकरतात. ग्रंथपाल हौशी माणूस. वर्षातून तीन-चार वेळा तो तिथे वाद घडवून आणायचा आणि शेवटी हात वर करून मतं मोजायचा. या वेळचा विषय त्याने दारावर मोठ्या अक्षरांत लावला होता: "ख्रिस्ती धर्माने मानवी संस्कृतीचं भलं केलं की वाईट?" बाजूने एक डॉक्टरीणबाई, ज्यांची सगळी नोकरी कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात गेली होती. विरुद्ध एक निवृत्त प्राध्यापक, इतिहासाचे. वाचनालयाचे सातआठ सभासद बहिरे होते, म्हणून दुभाष्यांना बोलावणं आलं. दुभाषे नेहमी दोघे असतात. वीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही शिणतं, मग दुसरा उभा राहतो. तिचा जोडीदार पस्तिशीतला, उंच, सडपातळ, आणि नियमाला इतका पक्का की बहिऱ्यांच्या क्लबात त्याचं नावच नियमावली पडलं होतं.

तयारीसाठी ती बाबांकडे गेली. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. आई तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून ते लेकीकडेच राहायचे, मागच्या खोलीत, रंधा आणि पटाशांसकट. संस्कृती हे हातांनी कसं सांगावं, हे तिला त्यांच्याकडून काढून घ्यायचं होतं.

"संस्कृती म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"रस्ते, दवाखाने, कायदे, पुस्तकं, गाणी. माणसांनी माणसांना न मारता एकत्र राहणं."

"न मारता? ते कधी सुरू होणार आहे?"

तिला हसू आलं. मग तिने पूर्ण विषय सांगितला. बाबांनी हातातला चहा खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले, "मी येणार. पुढची खुर्ची ठेव."

त्यांनी यावं यात नवल नव्हतं. चौथ्या वर्षी तापात त्यांचे कान गेले, आणि पुढची तीन वर्षं ते घरात कोपऱ्यातल्या मांजरासारखे वाढले. खायला मिळायचं, मार मिळायचा, शब्द एकही नाही. सातव्या वर्षी वडिलांनी त्यांना चर्चच्या बहिऱ्यांच्या शाळेत नेऊन सोडलं. तिथे एका सिस्टरने फळ्यावर चार अक्षरं काढली, अक्षरांकडे बोट केलं, मग त्यांच्या छातीकडे बोट केलं. असं तिने दिवसभर केलं. संध्याकाळी त्यांच्या डोक्यात उजेड पडला की हे आपलं नाव आहे, आणि जगात प्रत्येकाला नाव असतं. ही गोष्ट बाबा उभे राहून सांगायचे, बसून त्यांना ती सांगताच यायची नाही.

आणि त्याच सिस्टरने त्यांचे हात बांधले. मुलांनी तोंडाने बोलायला शिकावं, ओठ वाचावेत, माणसांत मिसळावं, अशी शाळेची शिकवण होती. हातांनी बोलणं म्हणजे माकडचेष्टा. जो हात हलवील त्याची मनगटं पट्टीने खुर्चीच्या पाठीला. दोन वर्षं. पट्टी मऊ कापडाची होती. मुलांना काचू नये म्हणून सिस्टरने ती स्वतः शिवली होती आणि दर रविवारी ती स्वतःच धुवायची. हे पट्टी धुण्याचं बाबा कधी वगळायचे नाहीत. ते सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की दया येते आहे की चीड, हे दुभाषीला जन्मात ओळखता आलं नाही, आणि चेहरे ओळखण्यावर तर तिचं पोट होतं.

आईचा हिशेब सोपा होता. ती त्याच शाळेतली. "शाळा नसती तर हे नसते, शिवणकाम नसतं, तू नसतीस," ती म्हणायची. हातांची भाषाही तिथलीच. एवढी बहिरी मुलं एका छपराखाली आणली शाळेनेच. मग न्हाणीघरात, झाडामागे, बाकाखाली मुलांनी एकमेकांत ती भाषा पिकवली, आणि पिकवलेली ओरबाडून टाकायलाही शाळाच टपलेली. आता हे भलं म्हणायचं की वाईट? दुभाषी लहानपणापासून या गुंत्यात बोटं घालत आली होती आणि दर वेळी एक गाठ जास्तच बसत होती.

शनिवारी दुपारी चारला सभागृह भरलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत.

प्राध्यापक आधी बोलले. कागदांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसत, थंड आवाजात. देवाच्या नावाने जाळलेल्या बायका, लुटलेले मुलूख, माणसांना गुलाम करणाऱ्यांना मिळालेले आशीर्वाद, बोलू नये म्हणून मुलांच्या तोंडातून काढून घेतलेल्या भाषा. शेवटची वीस मिनिटं दुभाषीच्या वाट्याला आली. "मी या धर्माला सुधारणेचा बाप मानत नाही," ती हातांनी म्हणाली, आणि तिचे हात इतके ठाम चालले की तिला स्वतःलाच पटलं, हे माझंच मत आहे, इतके दिवस सापडत नव्हतं एवढंच.

मग डॉक्टरीणबाई उठल्या. ज्यांना घरच्यांनी गावाबाहेर टाकलं त्यांच्या जखमा धुणारे हात त्यांनी सांगितले. ज्या भाषांना कोणी भाषा म्हणत नव्हतं त्यांची पहिली व्याकरणं कोणी लिहिली, ते सांगितलं. गुलामीविरुद्ध उठलेले लोकही तोच ग्रंथ छातीशी धरून उठले होते, हेही सांगितलं. "मी चाळीस वर्षं पाहिलेलं मी कसं नाकारू?" दुभाषी हातांनी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मघाचं मत तिला आठवेना. जो बोलेल तो तिला खरा वाटायचा. नियमावलीने पाण्याचा पेला पुढे केला आणि कुजबुजला, "श्वास घ्या."

प्रश्नोत्तरं सुरू झाली. दोनतीन लांबलचक प्रश्न झाले, त्यात प्रश्न कुठे होता ते देव जाणे. मग ग्रंथपाल म्हणाला, "शेवटचा." पहिल्या रांगेत बाबांचा हात वर गेला.

नियमावलीने ताबडतोब माइककडे हात केला. आपल्या नात्यातल्याचं आपण सांगायचं नाही, हा नियमच आहे, आणि तो कशासाठी आहे हे दोघांनाही माहीत होतं. पण दुभाषीने मान हलवली. बाबांचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून निघावं, हे तिला सहनच होईना. आयुष्यभर ते तिच्या तोंडून निघालं होतं. ती माइक घेऊन खाली पहिल्या रांगेत बसली आणि बाबा व्यासपीठावर चढून तिच्यासमोर, सगळ्या सभागृहासमोर उभे राहिले. इतक्या माणसांपुढे ते जन्मात पहिल्यांदा बोलत होते.

"मी सुतार आहे," ती माइकमध्ये म्हणाली. बाबांनी नाव मिळाल्याची गोष्ट सांगितली, ती तिने सांगितली. पट्टीची सांगितली, धुण्यासकट, तीही तिने सांगितली. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. बाबा हळू, मोठे हात करून बोलत होते, आणि तिला अभिमानाने भरून येत होतं.

"मग मी मोठा झालो," ती म्हणाली. "माझा स्वतःचा कारखाना झाला. मी त्रेचाळीस वर्षांचा असताना एक दिवस सिस्टर तिथे आली. खूप म्हातारी झाली होती. ती शाळा सोडून तिच्या देशात परत निघाली होती. तिने मला विचारलं, मी तुझं भलं केलं की वाईट?"



तिला ती दुपार आठवली. ती दहा वर्षांची होती. भुश्शात फतकल मारून बसली होती. दारात गाडी थांबली आणि राखाडी कपड्यातली एक वाकलेली बाई काठी टेकत आत आली. ती तोंड मोठं उघडून सावकाश बोलत होती, पण दात पडून ओठ आत गेले होते, आणि त्याच बाईने ओठ वाचायला शिकवलेल्या बाबांना तिच्याच ओठांवरचं काही वाचता येईना. ते गोंधळून पोरीकडे बघायला लागले. "तू ऐकतेस ना, बाळ?" सिस्टर म्हणाल्या. "मग बाबांना विचार, मी त्यांचं भलं केलं की वाईट. मला खरं सांग म्हणावं." आणि बाबांनी सांगितलं. पोरीने ते पाहिलं, काठीवर टेकलेली म्हातारी पाहिली, आणि रोज करायची तेच केलं. "बाबा म्हणतात, तुम्ही खूप भलं केलंत. तुमची रोज आठवण येते." म्हातारीचा चेहरा उजळला. तिने बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. वर्षाच्या आत ती वारल्याचं पत्र आलं.

दुभाषीच्या लेखी ती शेकडो सारवासारवींतली एक होती. ती कपाटाच्या मुठीइतकीच विसरून गेली होती. बाबा त्यावर पुन्हा तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती तिथेच होती, मग तिला काय सांगायचं?

समोर बाबांचे हात चालूच होते. "मी तिला खरं सांगितलं," ते म्हणत होते. दुभाषीने तोंड उघडलं. पुढचं वाक्य तेच होतं, पस्तीस वर्षांपूर्वी गिळलेलं. ते तिच्या तोंडातून बाहेर येईना. माइकमधून नुसता श्वास ऐकू यायला लागला. बाबा थांबले आणि भुवई उचलून तिच्याकडे पाहू लागले.

नियमावलीने शेजारून माइक काढून घेतला आणि बाबांना खूण केली, पुन्हा सांगा. मग बाबांचं म्हणणं एका अनोळखी, भारदस्त पुरुषी आवाजात सभागृहात उमटलं. "मी तिला म्हणालो, तू मला नाव दिलंस, त्याचे उपकार मी विसरणार नाही. तू माझे हात बांधलेस, त्याची माफी मी देणार नाही. मरेपर्यंत नाही. हे ऐकून ती हसली. छान, प्रेमाने हसली. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेली. तेव्हापासून मला कळत नाही. अंगावर असा घाव आल्यावर जो धर्म माणसाला हसायला शिकवतो, तो चांगला की वाईट? ती दगड होती म्हणून हसली, की संत होती म्हणून? मी क्लबात विचारलं, बायकोला विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. तुम्ही दोघं शिकलेले आहात. मला सांगा, सिस्टर का हसली?"



आधी डॉक्टरीणबाई उठल्या. माइक नियमावलीच्या हातात होता, त्यामुळे उत्तरं हातांनी सांगायला दुभाषीलाच उठावं लागलं. "काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अपराध कबूल असलेलं माणूसच तसं हसू शकतं. तिने तुमचा राग आशीर्वादासारखा घेतला. मी इतका वेळ बडबडले, पण माझी सगळी बाजू त्या एका हसण्यात आहे." आणि दुभाषीने हे सगळं आपल्या हातांनी बाबांना सांगितलं, शब्द न गाळता.

मग प्राध्यापक. या वेळी त्यांनी कागद पिसले नाहीत. "माझ्या मते तिने ऐकलंच नाही, आजोबा. आपण भलंच केलं याची इतकी खात्री होती की तुमचा नकार तिच्या कानापर्यंत पोचलाच नाही. माझीही सगळी बाजू त्या हसण्यात आहे." दुभाषीने तेही सांगितलं. बाबांनी दोघांनाही मान डोलावली. दोघांचंही त्यांना पटलेलं दिसत होतं, आणि त्यामुळे ते आधीपेक्षा जास्त बुचकळ्यात पडलेले.

ग्रंथपालाने हात मोजले. भलं म्हणणारे सहा मतांनी जिंकले. बाबांनी हात कशालाच वर केला नाही. बाहेर पडताना जो तो त्या हसण्याबद्दल बोलत होता. जिन्यात दोन माणसं तर त्यावरून हमरीतुमरीवर आली. झालंच नव्हतं अशा गोष्टीवरून शंभर माणसांनी मतं दिली होती आणि हे एकट्या दुभाषीला माहीत होतं. 

नियमावली पिशवी भरत होता. "तुम्ही थांबलात ते बरं केलंत," तो म्हणाला. "का थांबलात, ते विचारत नाही." त्याचा तोही नियमच असणार. तो गेला.

सभागृहात बाबा, ती आणि खुर्च्या एकमेकींत रचणारा शिपाई, एवढेच उरले. बाबा खुशीत होते. सगळ्यांनी येऊन त्यांचे हात हातात घेतले होते.

"मधेच का थांबलीस?" त्यांनी विचारलं.

गप्प बसणं तिला सहज जमलं असतं. घसा बसला, म्हणता आलं असतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आता हे सांगून काय साधायचं, असंही तिच्या मनात आलं. पण हे मनात येणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं, आणि या वेळी तिला त्याची किळस आली. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात, ते मी सिस्टरना सांगितलंच नाही. मी सांगितलं, तुम्ही खूप भलं केलंत. म्हणून त्या हसल्या."

बाबांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.

ते जवळच्या खुर्चीवर बसले. ती नेमकी करकरणाऱ्यांतली होती, पण ते त्यांना कुठे कळणार. त्यांचे हात मांडीवरून अर्धवट उठायचे, पुन्हा पडायचे. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तिला कधी कळलंच नाही."

"नाही."

"ती सुखाने मेली."

"हो. बहुतेक."

"आणि मी पस्तीस वर्षं मेलेल्या बाईला विचारत बसलो, का हसलीस. उत्तर घरातच होतं. मला चहा करून देत होतं."

तिला रडू आलं. बाबा रडले नाहीत. तिच्या तोंडाकडे रोखून बघत ते उठले आणि म्हणाले, "आता सांग. मोठ्याने. मी जे म्हणालो होतो ते, जसंच्या तसं. मी बोलतो, तू बोल."

"इथे कोणी नाही, बाबा."

"तो आहे." त्यांनी शिपायाकडे बोट केलं आणि त्याच्या दिशेने तोंड करून उभे राहिले. शिपाई पाठमोरा होता. बाबांनी हात उचलले, आणि दुभाषीने आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तिखट तिखटासकट बाहेर काढलं. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा फार मोठा निघाला. "तू मला नाव दिलंस, त्याचे उपकार मी विसरणार नाही. तू माझे हात बांधलेस, त्याची माफी मी देणार नाही. मरेपर्यंत नाही."

शिपाई दचकून वळला. हातात खुर्ची तशीच. समोर एक म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघतो आहे आणि शेजारी एक बाई रडत त्याला हे ऐकवते आहे. त्याचा चेहरा उतरला. बाबा तो चेहरा बघत राहिले, इंचाइंचाने, लाकडाच्या रेषा बघाव्यात तसा. हे वाक्य पोचल्यावर माणूस कसा दिसतो, ते त्यांना कधी बघायला मिळालं नव्हतं.

"आजोबा," शिपाई चाचरत म्हणाला, "माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

कोणी बोललं की हात उठायचे, ही तिची पस्तीस-चाळीस वर्षांची सवय. तिचे हात आपोआप उठले आणि नेहमीप्रमाणे "मी" धरूनच बोलले. "माझं काही चुकलं असेल तर माफ करा." सांगून झाल्यावर ते हात तिला मागे घेता येईनात. तिने ते तसेच छातीपाशी धरून ठेवले.

बाबांनी आधी शिपायाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे.

"त्याला सांग, त्याचं काही चुकलं नाही."

तिने शिपायाला सांगितलं. त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि घाईघाईने पुढची रांग रचायला गेला.

"आणि माझं?" तिने विचारलं.

बाबांनी टोपी घातली, ती दोनदा सरळ केली. "तुझं मला अजून कळत नाही," ते म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. जिना उभा होता आणि दोघांनाही कठडा धरावा लागला, त्यामुळे खाली पोचेपर्यंत पुढचं काही विचारता येण्यासारखं नव्हतं.